‘बंद कर’ म्हणजे काय?
वाफेच्या लहान इंजिनाला दूरनियंत्रण बसविताना



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी मराठी शिकलो नाही. ते आम्हांला विज्ञान शिकवीत. परंतु मराठी गद्य कसे लिहावे याचा पहिला धडा मला त्यांच्याच तासाला मिळाला. प्रयोगाच्या वहीत ‘कृती’ या मथळ्याखाली आम्ही जे लिहीत असू, ते ते वर्गातल्या दुसऱ्या मुलाला वाचायला देत आणि म्हणत, “आता हा तुला न विचारता प्रयोग करून दाखवील. अडला, तर वही तुझी चुकली.” पुढे चाळीस वर्षे मी महाविद्यालयात साहित्य शिकविले, पण गद्याची याहून कठोर कसोटी मला कोणत्याही ग्रंथात आढळली नाही.

आजचा विषय त्या कसोटीचाच आहे. कार्यक्रमपत्रिकेवर तो वाचून काहींना आश्चर्य वाटले असेल. साहित्याच्या प्राध्यापकाने वाफेच्या इंजिनावर आणि तेही खेळण्याएवढ्या इंजिनावर काय बोलावे? बेळगावच्या उद्यमबागेत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे लहानसे मशिनशॉप आहे. बी.ए.ला त्याने मराठी घेतले होते. पोटासाठी लेथ घेतले. गेली काही वर्षे फावल्या वेळात तो एक इंजिन घडवीत होता. ते तयार झाले, आणि त्याला दूरनियंत्रण बसविण्याची वेळ आली तेव्हा त्याने मला बोलावले. यंत्रासाठी नव्हे, शब्दांसाठी.

आधी इंजिनाविषयी. लोंढा–बेळगाव–मिरज हा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने घातला. तो मीटरगेजचा होता. दोन रुळांमधील अंतर १००० मिलिमीटर. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तो ब्रॉडगेज झाला. माझ्या वयाच्या माणसाच्या कानात बेळगाव स्टेशनचा जो आवाज आहे, तो मीटरगेजच्या इंजिनाचा. स्वातंत्र्यानंतर देशभरच्या मीटरगेज मार्गांवर प्रवासी गाड्यांसाठी ‘वाय.पी.’ जातीचे इंजिन आले. १९४९ पासून ही इंजिने येऊ लागली. बरीचशी जमशेदपूरच्या टेल्कोत घडली, आणि एकंदर संख्या आठशेच्या वर गेली. माझ्या विद्यार्थ्याने हेच इंजिन निवडले.

येथे एक सुरेख योग आहे. बागेत चालविण्याच्या मोठ्या प्रतिकृतींसाठी जगभर ४५ मिलिमीटर अंतराचे रूळ मिळतात. मीटरगेज १ : २२.५ या प्रमाणात लहान केले, तर ते जवळजवळ ४५ मिलिमीटरच भरते. युरोपातल्या डोंगरी मीटरगेज गाड्यांसाठी जर्मन कारखानदारांनी रूढ केलेले हे प्रमाण आमच्या बेळगावच्या गाडीला मापून शिवल्यासारखे बसले. मूळ इंजिन टेंडरसकट सुमारे १९ मीटर लांब; प्रतिकृती सुमारे ८५ सेंटिमीटर. मूळ चालक-चाकाचा व्यास १३७२ मिलिमीटर, प्रतिकृतीत ६१. निपाणीला रेल्वे यावी ही मागणी आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. उद्या या मैदानावर ती येणार आहे. रुळांतील अंतर तेवढे समजून घ्यावे.

कोणी म्हणेल, बेळगावात आणि इंजिन! त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण ठेवावी. याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेल्या या गृहस्थाने भावाबरोबर बेळगावात सायकलचे दुकान थाटले, कडबा कापण्याचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीमुळे नांगर घ्यायला शेतकरी तयार नव्हते. १९१० मध्ये कारखाना औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर गेला, त्याची किर्लोस्करवाडी झाली, आणि १९२० मध्ये तेथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. यंत्र करणाऱ्यांनीच मराठी मासिक काढावे, ही गोष्ट आमच्या वाङ्मयेतिहासात मासिकाच्या बाजूने नोंदली जाते. यंत्राच्या बाजूने कोणी पाहत नाही. लोखंड विकायचे तर आधी वाक्य पटले पाहिजे, हे त्या घराण्याला कळले होते.

आता दूरनियंत्रण. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विद्युत्‌-चुंबकीय लहरी भिंतीपलीकडे पाठवून तेथील घंटा वाजवून दाखविली आणि दारू पेटवून दाखविली. १८९८ मध्ये न्यूयॉर्कला निकोला टेस्लाने पाण्याच्या टाकीत एक लहान नाव तारेवाचून दुरून चालविली. मराठीत मात्र ‘रिमोट’ हा शब्द दूरचित्रवाणी संचाबरोबर घरात आला आणि १९९५ नंतर महाराष्ट्राच्या राजकारणाबरोबर वर्तमानपत्रात. दुरून चालविले जाणे म्हणजे काय, हे सीमाभागातील माणसाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून तेथे मी रेंगाळत नाही.

पुण्यात कर्वे रस्त्यावर भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. १ एप्रिल १९९८ रोजी ते सर्वांना खुले झाले. एका माणसाच्या छंदाचे असे सार्वजनिक वैभव महाराष्ट्रात दुसरे नसेल. पण तेथील गाड्या विजेवर चालतात. एका जागी बसून तारांतून वीज कमी-अधिक केली की गाडी धावते किंवा थांबते. वाफेच्या खऱ्या इंजिनाचे तसे नाही. त्याच्या पोटात आग आहे, तांब्याच्या बॉयलरात पाणी आहे, आणि रुळांतून त्याला काहीही सांगता येत नाही. आज्ञा हवेतून द्यायची तर ती ऐकणारा कान आणि पाळणारा हात ही दोन्ही इंजिनातच बसवावी लागतात.

कान म्हणजे रिसीव्हर. हात म्हणजे सर्व्हो नावाची आगपेटीहून थोडी मोठी मोटर. तिच्या टोकाला आखूड दांडी असते, आणि हातातल्या रिमोटची काडी जितकी सरकवावी तितकीच ती दांडी वळते. असे दोन सर्व्हो लागतात. एक रेग्युलेटरसाठी, म्हणजे बॉयलरातून सिलिंडरकडे किती वाफ जावी हे ठरविणाऱ्या झडपेसाठी. दुसरा पुढे-मागे जाण्याच्या लिव्हरसाठी. जोडीला ४.८ व्होल्टची बॅटरी. ऐकायला हे सोपे आहे.

अडचण अशी की बॉयलरात ४० पौंड दाब असताना वाफेचे तापमान १४० अंश सेल्सिअसच्या वर असते, आणि सर्व्होचे दाते नायलॉनचे, बॅटरी त्याहून नाजूक. म्हणून सारे काही टेंडरमध्ये ठेवायचे ठरले. टेंडरमधल्या सर्व्होपासून एक लांब तार इंजिनाच्या रेग्युलेटरपर्यंत नेली. सरळ रुळावर उत्तम चालले. वळण आले की गाडी आपोआप वेग घेई, आणि उलट वळणावर मंद होई. दोन संध्याकाळी लहरींवर संशय घेण्यात गेल्या. कारण वेगळेच होते. वळणावर इंजिन आणि टेंडर यांच्यामध्ये कोन पडतो, एका बाजूचे अंतर वाढते व दुसऱ्या बाजूचे घटते; त्यामुळे ती तार न सांगता रेग्युलेटर ओढत होती. अखेर रेग्युलेटरचा सर्व्हो इंजिनातच, ड्रायव्हरच्या आसनाखाली, आगीपासून जितका दूर नेता येईल तितका नेला, मध्ये उष्णतारोधक पत्रा घातला, आणि टेंडरपर्यंत फक्त सैल विजेच्या तारा नेल्या. सैल तार वळणावर वाकते, ओढत नाही.

टेंडर पितळी पत्र्याचा, आणि धातूच्या पेटीत लहरी शिरत नाहीत. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. त्यांच्यासाठी एरियलचे तीनेक सेंटिमीटर उघडे टोक पुरते. ते टोक प्लॅस्टिकच्या तबकडीवर चिकटविलेल्या खऱ्या कोळशाच्या खड्यांखाली लपविले. उद्या इंजिन पाहाल तेव्हा कोळशाकडे नीट पाहा.

सर्वांत अधिक वेळ गेला तो दांडीच्या लांबीवर. सर्व्होची दांडी सुमारे ९० अंश वळते. रेग्युलेटरला तितके वळायचे नसते. झडप पूर्ण मिटल्यावरही सर्व्हो ढकलतच राहिला तर मोटर गुरगुरत तापते आणि बॅटरी संपते. झडप मिटण्याआधीच सर्व्होची धाव संपली तर वाफ झिरपत राहते. दांडीवरील भोक एक मिलिमीटर आत-बाहेर घेऊन हे जुळवावे लागते. त्यातही पहिल्या थोड्या हालचालीत इंजिन एकदम उसळू नये, यासाठी वाफ हळूहळू मोकळी होईल असा कोन साधावा लागतो.

हे चालू असताना मीटरगेज इंजिनावर फायरमन म्हणून उमेदीची वर्षे काढलेले एक वृद्ध गृहस्थ तेथे येऊन बसत. त्यांनी रिमोट हातात घेतला, काडी थोडी सरकवली आणि परत दिला. म्हणाले, “सर, इंजिन हाताला उत्तर देतं. जड येतंय, घसरतंय, पाणी वर आलंय, सगळं लिव्हरमधून कळतं. ही डबी नुसतं सांगते, ऐकत नाही.” मग त्यांनी त्या तरुण पोरांना कानाने इंजिन वाचायला शिकविले. दोन सिलिंडरांचे इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा श्वास टाकते. चारही ठोके सारखे पडतात का, एखादा लंगडा आहे का, घसरताना ते कसे दाटतात, हे दहा पावलांवरून ऐकू येते. दूरनियंत्रणात हाताचे गेलेले ज्ञान काही अंशी कानाने भरून काढता येते, ही गोष्ट रिमोटबरोबर मिळालेल्या इंग्रजी पुस्तिकेत नव्हती.

आता मी माझ्या कामाकडे येतो. इंजिन चालविणार होती कारखान्यातली दोन मुले. दोघेही आय.टी.आय. झालेले, एक मराठी शाळेत शिकलेला, दुसऱ्याची घरची भाषा कन्नड, मराठी उत्तम बोलणारा. त्यांच्यासाठी एका पानाचे सूचनापत्रक हवे होते. माझ्या विद्यार्थ्याने पुस्तिकेवरून मसुदा केला होता. त्यातली सातवी सूचना अशी होती: ‘फेरी संपल्यावर इंजिन बंद करावे.’ वाक्य निर्दोष. मीही वाचले आणि पुढे गेलो.

इंजिन रोलरच्या स्टँडवर होते; चाके फिरतात पण ते जागचे हलत नाही, अशी ती व्यवस्था. मराठी शाळेतल्या मुलाने पत्रक हाती घेऊन एकेक सूचना पार पाडली आणि सातवीला येऊन टेंडरखालचा स्विच बंद केला. चाके फिरतच राहिली. त्याने रिमोटची काडी मागे घेतली, काही होईना. कसे होणार? स्विच गेल्याने कानच मेला होता, आणि सर्व्हो होता तेथेच, रेग्युलेटर अर्धा उघडा धरून थिजला होता. मालकाने हातमोजा घालून रेग्युलेटर मिटला. इजा कोणाला झाली नाही. पण स्टँडवर नसून रुळावर असते तर तापलेले धातूचे धूड, पोटात जळता गॅस घेऊन, मुलांच्या घोळक्याकडे कोणाच्याही आज्ञेवाचून निघाले असते.

मुलाला बोलणी बसली. “इंजिन बंद कर म्हटलंय, तर स्विच का बंद केलास?” तो काय उत्तर देणार? बंदच तर केले होते. तेव्हा दुसरा मुलगा, जो पत्रकाच्या पाठीमागे स्वतःसाठी कन्नड भाषांतर लिहीत होता, तो मला म्हणाला, “सर, मी तिथंच अडलोय. हे बंद म्हणजे मुच्चु की आरिसु?”

कन्नडात मुच्चु म्हणजे मिटणे, झाकणे. आरिसु म्हणजे विझविणे. त्याला भाषांतर करायचे होते म्हणून त्याला थांबावे लागले. आम्ही मराठीच्या मराठीत होतो, म्हणून घसरत गेलो. शब्दार्थाचा इतका नेमका प्रश्न एम.ए.च्या तोंडी परीक्षेत मला क्वचितच ऐकायला मिळाला आहे.

आता पाहा. आपल्या आजीच्या मराठीत दार लावीत, दिवा मालवीत, चूल विझवीत, डोळे मिटीत, पुस्तकही मिटीत, डब्याला झाकण घालीत. प्रत्येक कृतीला तिचे क्रियापद होते, कारण प्रत्येक कृतीत हात वेगळा हलत असे. मग घरात वीज आली आणि बटण आले. बटणाला दोनच अवस्था. हळूहळू दिवाही बंद, पंखाही बंद, गॅसही बंद, दारही बंद, शाळाही बंद आणि तोंडही बंद. ‘बंद’ हा शब्द फारसीतून आला म्हणून मी त्याच्यावर रागावलेलो नाही. परकी शब्द पचविण्याची मराठीची शक्ती मोठी आहे. माझी तक्रार इतकीच की या एका शब्दाने घरातली पाच-सहा धट्टीकट्टी क्रियापदे बसून खाल्ली. एरवी त्याने बिघडत नाही. पंखा ‘बंद’ करताना कोणी विझवीत नाही. परंतु वाफेच्या इंजिनात तीन निरनिराळ्या गोष्टी तीन निरनिराळ्या ठिकाणी थांबवाव्या लागतात आणि त्यांचा क्रम चुकवून चालत नाही.

आम्ही पुन्हा लिहायला बसलो. ‘वाफ तोडा’ म्हणजे रिमोटने रेग्युलेटर मिटा. ‘आग विझवा’ म्हणजे गॅसची कळ फिरवून बर्नर शांत करा. ‘वीज काढा’ म्हणजे टेंडरखालचा स्विच पाडा. तीन ओळी, या क्रमाने, आणि संपूर्ण पत्रकात ‘बंद’ हा शब्द एकदाही नाही. ‘सोडणे’ही तसेच गोंधळाचे निघाले. ‘वाफ सोडा’ म्हणजे सिलिंडरकडे सोडायची की झडपेतून हवेत? शिवाय आपण गाडीही सोडतो आणि गॅसही सोडतो. तेव्हा सिलिंडरला वाफ ‘द्या’, बाहेर वाफ ‘सोडा’, असा भेद केला. ‘पुढे’ शब्दाने असाच चकवा दिला. चालविणारा इंजिनात बसलेला नाही, तो मैदानाच्या कडेला उभा आहे. इंजिन त्याच्याकडे येत असेल तर त्याचे पुढे आणि इंजिनाचे पुढे परस्परविरुद्ध होतात. म्हणून ‘धुराड्याच्या दिशेने’ आणि ‘टेंडरच्या दिशेने’ असे लिहिले. लांब आहे, पण चुकत नाही.

या कामात मला अनेकांनी विचारले, की रेग्युलेटरला मराठी शब्द का दिला नाहीत? ‘वाफनियामक’ म्हणता आले असते. मी नकार दिला. शिवछत्रपतींच्या राजव्यवहारकोशापासून पदनामकोशापर्यंत नामे बदलण्याचा उद्योग आपल्याकडे मोठ्या निष्ठेने झाला. त्यातले काही शब्द रुळले, काहींची थट्टा झाली. परंतु यंत्राजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाला नामाची अडचण सहसा नसते. रेग्युलेटर, सर्व्हो, बॅटरी हे शब्द त्याला बोट दाखवून कळतात. तो अडतो आणि भाजतो तो क्रियापदापाशी. भाषाशुद्धीची आमची सारी चळवळ नामांवर खर्च झाली आणि क्रियापदे आमच्या डोळ्यांदेखत गेली, हे माझे मत मी आज प्रथमच जाहीर मांडतो आहे. विद्वानांनी त्याचा समाचार घ्यावा.

पत्रकातले शेवटचे वाक्य सर्वांत अवघड गेले. लहरींचा संबंध मध्येच तुटला तर काय व्हावे, हे रिसीव्हरला आधीच शिकवून ठेवता येते. काही रिसीव्हर संबंध तुटल्यावर शेवटची आज्ञाच धरून बसतात. चालत्या इंजिनाच्या बाबतीत यापरते वाईट नाही. आम्ही शिकविले ते असे की संबंध तुटताच रेग्युलेटर आपोआप मिटावा. ते खरोखर होते का, हे पाहण्यासाठी रोज पहिल्या फेरीपूर्वी इंजिन स्टँडवर चढवून, वाफ देऊन, हातातला रिमोट मुद्दाम मालवायचा आणि चाके थांबतात का ते पाहायचे. मात्र रेग्युलेटर मिटला तरी आग जळतच असते आणि दाब चढत जातो. त्यासाठी बॉयलरच्या डोक्यावर सुरक्षा-झडप आहे. ठरलेल्या दाबाला ती स्वतः उघडते. तिला तार नाही, बॅटरी नाही, कोणाची आज्ञा नाही. ती दूरनियंत्रणाला कधीही जोडायची नाही, हे माझ्या विद्यार्थ्याने आरंभीच ठरवून टाकले होते. बॉयलरही त्याने चालू दाबाच्या दुप्पट दाबाने, पाणी भरून तपासून घेतला आहे. पालकांनी निश्चिंत असावे, पण मुलांना दोरीच्या अलीकडेच उभे करावे.

त्या वाक्याचा पहिला मसुदा होता: ‘सिग्नल गेल्यास घाबरू नये.’ मी ते खोडले. घाबरू नये ही सूचना नव्हे, तो आशीर्वाद झाला. आता तेथे असे आहे: ‘इंजिन ऐकेनासे झाले, तर रिमोट हातातून ठेवा, वाफ तुटण्याची वाट पाहा, दहा आकडे मोजा, त्यानंतरही चाके फिरत असतील तर हातमोजा घालून मागच्या बाजूने जवळ जा आणि रेग्युलेटर हाताने मिटा.’ मागच्या बाजूने म्हणजे टेंडरच्या बाजूने, हे कंसात लिहावे असे कन्नड मुलाने सुचविले. तेही घातले.

उद्या सकाळी दहा वाजता पाण्याच्या टाकीजवळच्या मैदानात रूळ मांडले जातील. एकदा पाणी आणि गॅस भरला की इंजिन पंधरा-वीस मिनिटे चालते; तशा चार फेऱ्या होतील. पत्रकाच्या मराठी व कन्नड प्रती दाराशी ठेवल्या आहेत. ज्यांनी इंजिनाला कधी हात लावलेला नाही अशा दोघांना, आठवी-नववीतल्या, त्या पत्रकावरून स्टँडवरचे इंजिन पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून पाहायला सांगणार आहोत. शेजारी मालक उभा असेल, पण तो बोलणार नाही. मुले जेथे अडतील तो शब्द मी वहीत टिपून घेईन, कारण पत्रकाची दुसरी आवृत्ती काढावयाची आहे.